सार्वजनिक इमारतींचा मुकादम

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या गांवांतील कोणत्याही सार्वजनिक इमारतीच्या दारांत जाऊन उभे राहा. ती शाळा असो, रुग्णालय असो, कचेरी असो कीं वाचनालय असो. प्रवेशद्वाराजवळ एक संगमरवरी पाटी हटकून दिसेल. कोनशिला कोणीं बसविली, उद्घाटन कोणाच्या हस्तें झालें, शिल्पज्ञ कोण, कंत्राटदार कोण, हें सर्व तिच्यावर कोरलेलें असतें. इमारत उभी राहिली म्हणजे या मंडळींचें काम संपतें. पुढें पन्नास-साठ वर्षें, कधीं शंभर वर्षें, त्या छपराखालीं माणसें निर्धास्तपणें बसतात, शिकतात, औषधपाणी घेतात. तीं कोणाच्या भरंवशावर, ह्याचा उल्लेख मात्र कोणत्याही पाटीवर नसतो. त्या माणसाविषयीं आज मी आपणांस चार गोष्टी सांगणार आहें.

कोठें त्यास हेड मिस्त्री म्हणतात, कोठें नुसतें ‘मामा’ म्हणतात. मी त्यास मुकादम म्हणणार आहें. हा शब्द मूळचा अरबी असून ‘पुढें ठेवलेला’ असा त्याचा अर्थ आहे. इमारतीची देखभाल करणाऱ्या चार-सहा कामगारांच्या पुढें जो असतो, तो मुकादम. अर्थ मोठा सुरेख आहे; कारण धोक्याच्या जागीं पहिलें पाऊल त्यासच टाकावें लागतें.

दुरुस्ती हें काम आपण हलकें समजतों. प्राचीन काळीं तसें समजत नसत. सौराष्ट्रांत जुनागडजवळ, गिरनारच्या वाटेवर, एक मोठी शिला आहे. तिच्यावर अशोकाचे लेख आहेत. आणि त्याच शिलेवर इसवी सन १५० च्या सुमाराचा महाक्षत्रप रुद्रदामन् याचाही लेख आहे. शुद्ध संस्कृतांतील दीर्घ शिलालेखांत हा अगदीं आरंभींचा गणला जातो. आणि त्याचा विषय काय, तर एका तलावाच्या बांधाची दुरुस्ती! चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं बांधलेल्या सुदर्शन तलावाचा बांध अतिवृष्टीनें फुटला. भगदाड चारशें वीस हात लांब, तितकेंच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल. राजाच्या मंत्र्यांनीं, हें काम होणें नाहीं, म्हणून हात टेकले. प्रजेंत हाहाकार उडाला. अखेर सुविशाख नांवाच्या अमात्यानें तें काम तडीस नेलें, आणि तें कर किंवा वेठ न लादतां झालें, असें लेख अभिमानानें सांगतो. बांध फुटल्यावर तो बांधणाऱ्याचें नांव अशा रीतीनें शिलेवर अमर झालें. तो फुटूं नये म्हणून त्यावरून रोज फिरणारा कोणी असेल, तर त्याचें नांव मात्र त्या शिलेवरही नाहीं.

असा फिरणारा मनुष्य लागतो, हें रोमन लोकांनीं पुरतें ओळखलें होतें. इसवी सन ९७ मध्यें फ्राँटिनस नांवाच्या अधिकाऱ्याची रोम शहराच्या पाणीपुरवठ्यावर नेमणूक झाली. शहरांत पाणी आणणाऱ्या पाटांच्या देखभालीसाठीं गुलामांचे दोन कायमचे ताफे होते, एक दोनशें चाळीस माणसांचा व दुसरा चारशें साठ माणसांचा, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यांत गवंडी होते, गिलावा करणारे होते, हौदांवरचे राखणदार होते. आणि ‘फिरते’ असा एक निराळा वर्गच होता. आमचा मुकादम हा या फिरत्यांचाच वंशज होय.

आतां त्याचें काम नेमकें कोणतें, तें पाहूं. त्याच्या वर अभियंता असतो, खालीं वायरमन, नळकारागीर, सुतार, गवंडी आणि सफाई कामगार असतात. अभियंत्याकडे अशा पुष्कळ इमारती असतात. तो महिन्यांतून एखादे वेळीं येतो. कारागिरांस आपापला धंदा ठाऊक असतो; परंतु नळकारागीर विजेकडे पाहत नाहीं आणि वायरमन गळतीकडे पाहत नाहीं. संबंध इमारत एक देह आहे, अशा दृष्टीनें तिच्याकडे रोज पाहणारा मनुष्य एकच, तो म्हणजे मुकादम. तो स्वतः हातांत पाना घेतो, शिडीवर चढतो. शिवाय कामाची वांटणी करतो, झालेलें काम तपासतो, नव्या पोरास शिकवितो, सामानाचा हिशेब ठेवतो. त्याच्या हातीं नसते ती एकच गोष्ट, ती म्हणजे खर्चाची मंजुरी. दोष त्यास दिसतो. पैसा दुसऱ्याच्या सहीनें निघतो. या एका गोष्टींत त्याच्या धंद्याची सगळी अडचण सांठलेली आहे.

त्याचा दिवस इमारत उघडण्यापूर्वींच सुरू होतो. चांगला मुकादम पहिली फेरी हातांत हत्यार न घेतां करतो. डोळे, कान आणि नाक यांवरच त्याची भिस्त असते. पंपाचा आवाज कालच्यासारखाच आहे ना? विजेच्या फळीजवळ जळका वास येत नाहीं ना? दाराची चौकट फुगली आहे काय? जिन्याचा कठडा हलतो काय? संकटकाळीं बाहेर पडण्याचें दार उघडें आहे, कीं मोडक्या खुर्च्या त्यास टेकवून ठेविल्या आहेत? हा शेवटला दोष आपल्याकडे इतका सार्वत्रिक आहे कीं, तो दोष वाटेनासाच झाला आहे. ज्या दारानें दोनशें माणसांनीं पळावयाचें, तेंच दार आपण अडगळीची खोली समजतों.

इमारतीचा मोठा शत्रु कोणता, असें विचाराल तर मुकादम एका शब्दांत उत्तर देईल: पाणी. येथें मला थोडें गणित सांगूं द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तें पाणी बरोबर एक लिटर भरतें. शाळेची गच्ची पंचवीस मीटर लांब व वीस मीटर रुंद धरली, तर ती पांचशें चौरस मीटर झाली. शंभर मिलिमीटर पाऊस झाला कीं त्या गच्चीवर पन्नास हजार लिटर पाणी येतें. कोंकणांत पावसाळ्यांत असा दिवस नवलाचा नाहीं. मुंबईस सांताक्रूझ येथें २६ जुलै २००५ रोजीं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या हिशेबानें याच गच्चीवर पावणेपांच लक्ष लिटरांच्या आसपास पाणी आलें असतें. आतां समजा, पन्हळीच्या तोंडाशीं वाळकीं पानें, एक चेंडू आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे. पाणी गच्चीवर वीतभर नव्हे, केवळ दहा सेंटिमीटर सांचलें, तरी त्याचें वजन पन्नास हजार किलो होतें. सुमारें आठशें माणसें एकाच वेळीं गच्चीवर चढवून उभीं केल्यासारखेंच हें झालें! हा सर्व भार टळतो कशानें, तर मे महिन्यांत कोणीतरी गच्चीवर जाऊन मूठभर पानें उचलल्यानें.

पाणी सांचलें कीं तें वाट शोधतें. काँक्रीटच्या बारीक भेगेंतून तें आंतल्या लोखंडी सळईपर्यंत पोहोंचतें. सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडाहून निदान दुप्पट जागा मागतो. ती जागा त्यास काँक्रीटमध्यें मिळत नाहीं, म्हणून तो तें आंतून ढकलतो, आणि छताचे पोपडे सुटूं लागतात. खालून आपणांस दिसतो तो एक पिंवळट डाग. सामान्य मनुष्य म्हणतो, रंग लावा. मुकादम बांबूच्या टोकानें छत ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर गिलावा आंतून सुटला आहे, असें तो समजतो.

जुन्या दगडी इमारतींची तऱ्हा निराळी. त्यांच्या भिंती चुन्यांत बांधलेल्या असतात. चुना मऊ असतो. भिंतींत शिरलेली ओल तो बाहेर जाऊं देतो. अशा भिंतीवर कोणी घाईनें सिमेंटचा गिलावा चढविला, तर तो दिसतो गुळगुळीत, परंतु ओल आंत कोंडली जाते व मूळचा दगड आणि वीट भुसभुशीत होऊं लागते. तीच गोष्ट पिंपळाची. पक्ष्यांच्या विष्ठेंतून बीं येतें, भिंतीच्या फटींत रुजतें, आणि हिरवीं पानें दिसूं लागेपर्यंत मूळ दगडांच्या सांध्यांत शिरलेलें असतें. वरचें रोप छाटून उपयोग नसतो. मूळ जिवंत राहिलें तर पुढल्या पावसांत तेथेंच फूट येते. मूळ काढून सांधा चुन्यानें भरावा लागतो. रोप बोटभर असतांना हें काम तासाभराचें असतें. दहा वर्षांनीं तेंच काम भिंत उतरविण्याचें होतें.

पाण्याच्या खालोखाल वीज. पुष्कळ इमारतींतील तारा दिवे आणि पंखे एवढ्यांपुरत्या घातलेल्या होत्या. पुढें त्याच तारांवर संगणक आले, पाणी गार करणारीं यंत्रें आलीं, वातानुकूलनही आलें. फ्यूज वारंवार जाऊं लागला म्हणजे एखादा शहाणा त्यांत जाड तार घालतो, आणि सर्वांस वाटतें, बरें झालें, आतां दिवे जात नाहींत. वस्तुतः त्यानें इमारतीचा पहारेकरी झोपविलेला असतो. फ्यूज वितळतो म्हणून भिंतींतली तार वांचते. फ्यूज वितळेनासा झाला कीं वितळण्याची पाळी तारेवर येते. मुकादमाच्या कामांतील आणखी एक बारीक गोष्ट सांगतों. विजेची गळती जमिनींत जावी म्हणून इमारतीबाहेर खड्डा करून, त्यांत मीठ व कोळसा घालून पत्रा पुरलेला असतो. उन्हाळ्यांत ती माती सुकली कीं वीज जमिनींत नीट उतरत नाहीं. म्हणून जाणता मुकादम चैत्र-वैशाखांत त्या खड्ड्यांत पाणी घालावयास विसरत नाहीं. पाहणारास वाटतें, हा मनुष्य रिकाम्या जमिनीला पाणी कां घालतो!

या गोष्टी लहान वाटतात; परंतु आगीच्या बाबतींत लहान-मोठें असा भेद राहत नाहीं. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास रात्रीं आग लागली आणि दहा बालकें दगावलीं. त्यानंतर राज्यांतील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तपासणी अवश्य व्हावी. परंतु तपासणीस येणारा पाहुणा एक दिवस येतो; उरलेले तीनशें चौसष्ट दिवस ती इमारत कोणाच्या तरी नजरेखालीं असावी लागते.

दहा तक्रारी एकाच सकाळीं आल्या, तर मुकादम आधीं कोणती हातीं घेतो? साहेबांच्या खोलींतील पंखा कुरकुरतो, शौचालयाचें दार लागत नाहीं, जिन्याची पायरी सुटली आहे, एका बटणास हात लावला असतां झिणझिण्या येतात, आणि एक नळ ठिबकतो. अनुभवी मुकादम प्रथम त्या बटणाचा प्रवाह तोडतो, मग पायरीपाशीं आडवी दोरी बांधतो. शौचालय तिसरें, नळ चौथा, आणि साहेबांचा पंखा शेवटीं. जीव, मग आरोग्य, मग नासाडी, मग सोय, असा हा क्रम आहे. क्रम सांगणें सोपें, पाळणें कठीण. कारण पंख्याची तक्रार वरून येते आणि झिणझिण्यांची तक्रार बहुधा एखाद्या शिपायाची किंवा लहान मुलाची असते. नळाची गोष्टही क्षुल्लक नाहीं बरें का. सेकंदास एक थेंब पडला, तरी दिवसाकांठीं चार लिटरांहून अधिक पाणी जातें. शाळेंत असे दहा नळ असले, तर रोज तीन-चार कळशा पाणी आपण मोरींत ओतीत असतों.

स्वतःच्या माणसांचा जीव राखणें, हें मुकादमाचें दुसरें मोठें कर्तव्य. विजेचें काम असलें तर मुख्य बटण बंद करून, फ्यूज काढून तो खिशांत घालावा, फळीवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी, आणि तरीही तारेस हात लावण्यापूर्वीं परीक्षकानें प्रवाह पाहावा. शिडी चार हात उंच टेकवावयाची, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा, आणि खालीं धरणारा मनुष्य असावाच. हे नियम कोणास ठाऊक नसतात असें नाहीं. घाईच्या वेळीं ते मोडले जातात. ती घाई थोपवून धरणारा मनुष्य म्हणजे मुकादम.

या बाबतींतील अगदीं गंभीर गोष्ट मैल्याच्या टाकीची. टाकी तुंबली कीं, ‘एक मनुष्य उतरवा, पांच मिनिटांचें काम आहे,’ असें कोणीतरी सांगतो. त्या टाकींत विषारी वायु सांचलेले असतात. त्यांतील एका वायूस प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि थोड्याच वेळांत तो घ्राणशक्तीच मारून टाकतो. आंतल्या माणसास वाटतें, वास गेला, धोका टळला. तो कोसळतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही कोसळतो. २०१३ सालच्या कायद्यानें माणसास अशा रीतीनें गटारांत व मैल्याच्या टाकींत उतरविण्यास मनाई केली आहे. अशा मृत्यूसाठीं वारसांस तीस लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२३ मध्यें दिला. रक्कम मोठी आहे. तिनें मनुष्य परत येत नाहीं. म्हणून अशा वेळीं ‘यंत्र मागवा, माझा मनुष्य उतरणार नाहीं,’ हें वाक्य ज्यास वरिष्ठांसमोर उच्चारतां येतें, तोच खरा मुकादम. तें उच्चारण्यास लागणारें धैर्य कोणत्याही हत्यारापेटींत मिळत नाहीं.

आतां मी त्याच्या वहीकडे वळतों. प्रत्येक चांगल्या मुकादमाजवळ एक नोंदवही असते. कोणत्या दिवशीं काय पाहिलें, काय केलें, काय राहिलें, हें तींत असतें. हल्लीं कांहीं ठिकाणीं या नोंदी भ्रमणध्वनीवरून संगणकांत जातात, वस्तु तीच. वहीच्या उजव्या कांठास शेऱ्याचा रकाना असतो, व तेथें वरिष्ठांनीं सही करावयाची असते. या रकान्याविषयीं मला एक गोष्ट सांगावयाची आहे. ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, म्हणून शाळेचें नांव सांगत नाहीं.

मी ज्या शाळेंत होतों, तेथें एक मुकादम होते. मुलें त्यांस मामा म्हणत, आम्हीही मामाच म्हणत असूं. एका वर्षीं पावसाळ्यानंतरच्या परीक्षेच्या आधीं त्यांनीं जुन्या अंगाच्या एका वर्गास कुलूप घातलें. परीक्षेची व्यवस्था माझ्याकडे होती. मी रागावून गेलों. ते म्हणाले, “गुरुजी, छत बद्द वाजतें. पोरांना आंत बसवूं नका.” मीं वर पाहिलें. मला एक जुना डाग दिसला; तो मी कित्येक वर्षें पाहत आलों होतों. मी चारचौघांत म्हणालों, “मामा, वर्ग कोठें भरवावयाचे तें आम्हांस ठरवूं द्या.” ते म्हणाले, “परीक्षा पडवींत घेतां येईल, गुरुजी.” मीं किल्ली मागून घेतली. मामांनीं ती दिली. देण्यावांचून त्यांस गत्यंतर नव्हतें, कारण वर्ग बंद ठेवण्याचा अधिकार त्यांस कोणी दिलेलाच नव्हता.

त्या वर्गांत पहिल्या दिवशींचा पेपर झाला. कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पेपर झाला. तेव्हांही कांहीं झालें नाहीं, आणि मीं मामांस तसें हंसून ऐकविलेंही. त्या रात्रीं छताचा दीड-दोन हात रुंदीचा तुकडा खालीं आला. सकाळीं मी गेलों तेव्हां मागच्या दोन बांकांच्या फळ्या मोडलेल्या होत्या आणि मामा राबीट भरीत होते. ते मला कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें. मी त्या बांकांकडे पाहत उभा राहिलों. आदल्या दिवशीं तेथें कोणकोण बसले होते, तें मला आंकडेवार ठाऊक होतें, कारण बैठकीचा तक्ता मींच केला होता.

दुपारीं मीं त्यांची वही मागितली. त्या छताची नोंद तींत तीन वेळां होती: दोन वर्षांमागें ‘ओल’, गेल्या वर्षीं ‘ओल वाढली, पोपडा सुटतो’, आणि त्या वर्षीं ‘बद्द वाजतें, वर्ग बंद ठेवावा’. पहिल्या दोन नोंदींसमोर शेऱ्याच्या रकान्यांत ‘पाहिलें’ असा शब्द होता व खालीं सही होती. त्यांतील एक सही माझी होती. मुख्याध्यापक रजेवर असतांना मीं ती केली असावी. ती करतांना मीं काय पाहिलें होतें? वही पाहिली होती. छत पाहिलें नव्हतें.

श्रोतेहो, सार्वजनिक इमारतींची देखभाल कां ढासळते, याचें कारण मला त्या एका शब्दांत सांपडलें. मुकादम पाहतो आणि लिहितो. आपण वाचतों आणि ‘पाहिलें’ म्हणतों. त्याच्या डोळ्यांत आणि आपल्या सहींत जें अंतर पडतें, तेथूनच पाणी गळूं लागतें.

आणखी एक गोष्ट अलीकडे घडत आहे. कायमचा मुकादम निवृत्त झाला कीं पुष्कळ ठिकाणीं त्याची जागा भरली जात नाहीं; तें काम वर्षावर्षाच्या कंत्राटानें दिलें जातें. कंत्राटदाराचीं माणसें कामांत कमी असतात असें मी म्हणत नाहीं. परंतु तळमजल्यावरच्या पाण्याची कळ कोणत्या फरशीखालीं आहे, कोणत्या भिंतींतून जुनी तार गेली आहे, कोणता नळ दर आषाढांत तुंबतो, हें ज्ञान नकाशांत क्वचितच असतें. तें एका माणसाच्या डोक्यांत असतें आणि निरोपसमारंभाच्या दिवशीं हारतुऱ्यांसह त्याच्या घरीं निघून जातें.

मग करावयाचें काय? मला चार साध्या गोष्टी सुचतात. वहींत शेऱ्याच्या रकान्यांत ‘पाहिलें’ एवढेंच न लिहितां काय करणार व कोणत्या तारखेपर्यंत, हें लिहावें. आणि करणें शक्य नसेल तर ‘नाहीं’ असें स्वच्छ लिहून खालीं सही करावी. धोका दिसतांच खोली बंद करण्याचा आणि वीज तोडण्याचा अधिकार मुकादमास असावा. त्याची चूक झाली तर एक दिवसाची गैरसोय होईल, इतकेंच. तिसरी गोष्ट, निवृत्त होणाऱ्या मुकादमाबरोबर त्याच्या जागीं येणारा मनुष्य निदान एक पावसाळाभर ठेवावा. कारण इमारत आपलीं गुपितें पावसांतच सांगते. चौथी गोष्ट आपणां सर्वांची. रुग्णालयांत किंवा कचेरींत गेलों असतां हलणारा कठडा, उघडी तार, अडविलेलें दार दिसलें, तर ‘मला काय त्याचें’ असें म्हणून पुढें जाऊं नये. तेथल्या माणसास सांगावें. त्या इमारतीचे मालक आपणच आहों.

आणि पुढल्या वेळीं आपल्या मुलांच्या शाळेंत जाल, तेव्हां संगमरवरी पाटी वाचून झाल्यावर एवढें अवश्य विचारा: येथले मुकादम कोण, आणि त्यांची वही शेवटीं कोणीं वाचली? उत्तर कोणासच देतां आलें नाहीं, तर मान वर करून एकदां छताकडे पाहा. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.